मोठ्या गाडीची लाकडी पायरी

मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या एका पायाला तडा गेलाय आणि पॉलिश कधीचंच उडून गेलंय. मी एक लाकडी स्टूल. चार पाय, वर एक फळी, संपलं. उंची म्हणाल तर तुमच्या गुडघ्यालाही लागणार नाही. तुम्ही म्हणाल, स्टुलाला कसलं आलंय आयुष्य! पण जरा थांबा. मी अशा गाडीतून फिरलोय की जिच्या काचेत बघून येणारेजाणारे केस नीट करायचे. आणि त्या गाडीपायी आमच्या घरातून काय गेलं, ते माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही.

माझा जन्म भुशाच्या ढिगात झाला. आजोबा सुतार होते. एका दाराची चौकट करून उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी मला घडवलं. त्यांचा एक हट्ट होता. कुणाचीही खुर्ची करायची असली की आधी त्या माणसाला समोर बसवायचं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत पट्टी लावायची आणि मगच करवत हातात घ्यायची. गिऱ्हाइकं कंटाळायची. माप तोंडी सांगतो की, म्हणायची. आजोबा म्हणायचे, "तोंडाचं माप नको. पाय आण."

माझ्या वेळी त्यांनी आजीला स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीसमोर उभं केलं आणि हात वर करायला सांगितला. आजीची बोटं जिथं संपली आणि फळी जिथं सुरू झाली, त्या मधल्या अंतराएवढा मी. कमी नाही, जास्त नाही. आजी माझ्यावर चढली, डबा काढला आणि खाली उतरून म्हणाली, "चला, इतक्या वर्षांत एक गोष्ट तरी माझ्या मापाची झाली." आजोबा मिशीत हसले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मग काय विचारता! त्यांचे चिरंजीव, म्हणजे आपले बाबा, लहान असताना माझं टेबल करून अक्षरं गिरवायचे. पुढे त्यांचं लग्न झालं, आई घरात आली, मुलगी झाली. ही मुलगी चालण्याआधी चढायला शिकली, म्हणून सगळे तिला खारू म्हणतात. माझ्यावरून कपाटावर, कपाटावरून माळ्यावर! आजोबा गेल्यावर बाबांनी त्यांच्या कारखान्याचं मोठं फर्निचरचं दुकान केलं. घरात गुबगुबीत सोफे आले. आजी मात्र बसायची माझ्यावरच. सोफ्यात बसलं की उठताना विहिरीतून वर यावं लागतं, असं तिचं म्हणणं होतं.

आजीला एक थोरली बहीण होती, अक्का. अक्काला मूलबाळ नव्हतं आणि म्हातारपणी तिला विसरायचा आजार जडला, म्हणून ती गावाबाहेरच्या वृद्धनिवासात राहायची. अक्का सगळं विसरली होती. आपलं नाव, नवऱ्याचं नाव, जेवलो की नाही तेसुद्धा. फक्त आजीला ती विसरली नव्हती. दर रविवारी आमच्या जुन्या, बुटक्या गाडीत पुढच्या सीटवर आजी बसायची, वृद्धनिवासात जायची आणि अक्काचे केस विंचरायची. केसांत तो हात पडला की अक्का डोळे मिटून म्हणायची, "आलीस?" तिच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. आजी त्या एका शब्दासाठी आठवडाभर जगायची म्हटलं तरी चालेल.

एक दिवस जुन्या गाडीने जीव सोडला आणि घरात नवीन गाडीचं वारं शिरलं. दोन गाड्यांची चकचकीत माहितीपत्रकं कुठे ठेवली असतील? माझ्याच डोक्यावर! त्यामुळे सगळी चर्चा मी अगदी मधोमध बसून ऐकली. एक होती छोटी. छोटी म्हणजे काही साधी नव्हे. चामड्याच्या सीट, छतभर काच, आत बसलं की बाहेरचा कलकलाट बंद. आणि दुसरी मोठी. ती म्हणजे तीन रांगांचा चालता बंगला. आई छोटीच्या बाजूची होती. आपल्या गल्लीत मोठी वळवायची म्हणजे हत्तीला न्हाणीघरात फिरवण्यासारखं आहे, असं ती म्हणाली. बाबांचं मन मोठीवर होतं, आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पाहुणेरावळे आले आणि कुठे जायचं म्हटलं की घराचे दोन भाग होतात, एक गाडीत आणि एक रिक्षात, याचं त्यांना वाईट वाटायचं. सगळे एका गाडीत, आणि मधल्या रांगेत राणीसारखी आजी, असं ते हात पसरून दाखवायचे.

शेवटी ठरलं, दोन्ही गाड्या दारात आणून बघायच्या. आणि आजीला आधी काही सांगायचं नाही. तिला एकदम चकित करायचं! म्हणून त्या दिवशी आईने आजीला डोळे तपासायला नेलं आणि मागे शोरूमचा माणूस दोन्ही गाड्या घेऊन हजर झाला. मी दाराशी होतो. खारूने मला तिथे ओढत नेलं होतं, चपला घालायला.

बाबा सुताराचं पोर. त्यांनी टेप काढला आणि फाटक मोजलं, गल्लीचं वळण मोजलं, सामान ठेवायची जागा मोजली. घरातल्या मोठ्या बॅगा आणून आत बसवून बघितल्या. शोरूमचा माणूस थक्क होऊन म्हणाला, साहेब, गाडी घेताय की घर बांधताय? मग बाबा म्हणाले, "आता आईची जागा बघू. आई कोण होतंय?"

कोण होणार? खारू! तिने आजीची शाल पांघरली, कमरेवर हात ठेवला, "अगं आई गं, माझे गुडघे" करत छोटीपाशी आली आणि आत बसली. छोटीची सीट बरोबर कमरेच्या उंचीची होती; नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. मग ती मोठीपाशी आली. दार उघडलं. आतली सीट तिच्या छातीशी आली. खारू पुन्हा कण्हली, दारावरची मूठ धरली आणि टुणकन उडी मारून आत! बाबा पोट धरून हसले. शोरूमचा माणूसही हसला. म्हणाला, "बघा साहेब, आजीबाई झाल्या की वर." आणि मोठी ठरली.

मी दाराशीच होतो. मला सगळं दिसत होतं. पण स्टुलाला कोण विचारतं?

मोठी आली. काळीभोर, न्हाऊन आल्यासारखी. आजीला डोळे झाकून बाहेर आणलं, डोळे उघडायला लावले. आजी चकित झाली, यात शंका नाही. गाडीकडे बघून झाल्यावर तिने दाराकडे बघितलं आणि मग आपल्या पायांकडे. दाराखाली एक चकाकती पट्टी होती, पण तिच्यावर आजीची अर्धीच चप्पल मावली असती आणि तीसुद्धा गुडघ्याइतकी वर उचलून. आजीने एकदा पाय उचलला. पुन्हा उचलला. मग हसून म्हणाली, "गाडी छान आहे रे. मी थोडी बुटकी आहे."

तेव्हा खारूला माझी आठवण झाली. ती धावत दाराशी गेली, मला घेऊन आली आणि दाराखाली ठेवलं. आजी माझ्यावर चढली, माझ्यावरून पट्टीवर, पट्टीवरून आत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय सांगू मित्रांनो, माझी फळी फुगली! इतकी वर्षं डबे काढले, आता मी चक्क बड्या गाडीची पायरी झालो होतो. दर रविवारी मोठीचं मागचं दार आपोआप आ वासायचं आणि त्यातून मी बाहेर यायचो.

पण कौतुक फार टिकत नाही. वृद्धनिवासाच्या फाटकाशी एकदा बाबांच्या ओळखीचा दुकानदार भेटला. मला बघून म्हणाला, "काय राव, एवढी गाडी घेतली आणि पायरी घरून आणता?" बाबा हसले, पण त्यांचे कान लाल झाले. पुढच्या आठवड्यात माझ्या पायाने मागच्या बाजूचा मऊ गालिचा फाटला. झालं. बाबा म्हणाले, दार उघडलं की आपोआप खाली येणारी पायरी मिळते, ती बसवून घेऊ. तोवर आईला मी उचलून बसवतो, त्यात काय? आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली, एका तुटक्या पंख्याशेजारी.

ती पायरी कधीच आली नाही. आज मागवू, उद्या मागवू, दुकानाच्या गडबडीत राहून गेली.

बाबांनी आजीला उचललं ते एकदाच. मी तिथे नव्हतो, पण अडगळीची खोली आजीच्या खोलीला लागून आहे आणि मधली भिंत पातळ. संध्याकाळी आजीच्या दाराशी आई बाबांना दबक्या आवाजात रागावत होती ते ऐकू आलं. फाटकाशी भेटायला आलेल्या लोकांची गर्दी होती. बाबांनी आजीला पोत्यासारखी उचलली, तिची शाल खाली पडली, एक चप्पल रस्त्यावर राहिली. कुणीतरी हसलं.

पुढच्या रविवारी आजी म्हणाली, "आज गुडघा ठणकतोय. पुढच्या वेळी येईन."

त्याच्या पुढच्या वेळीही गुडघा ठणकला. आई म्हणाली, टॅक्सी बोलावू का? बाबा दुखावले. दारात एवढी गाडी उभी आणि माझी आई टॅक्सीने जाणार? आजीने तो विषय पुन्हा काढू दिला नाही. ती कुणावर चिडली नाही, कुणाला काही म्हणाली नाही, आणि मला वाटतं तिथेच सगळं चुकलं. न चिडणाऱ्या माणसाचं दुखणं सगळ्यांना गुडघ्याचंच वाटतं.

मग आई आणि खारू दोघीच अक्काकडे जायच्या. परत आल्यावर आजी विचारायची, तिने ‘आलीस?’ म्हणून विचारलं का गं? सुरुवातीला खारू सांगायची, हो आजी, सारखी दाराकडे बघते. मी केस विंचरायला गेले तर हात झटकला. भिंतीपलीकडे पलंग तेवढा करकरायचा.

आणि एका रविवारी खारू आनंदाने सांगत आली, "आजी, आता काळजी करू नकोस. हल्ली ती विचारतच नाही. दाराकडेसुद्धा बघत नाही. शांत पडून असते."

भिंतीपलीकडे पलंग एकदाच करकरला. मग आजी म्हणाली, "बरं झालं हो."

अक्का गेल्याचा फोन सकाळी आला. घरात धावपळ उडाली. तेवढ्यात अडगळीच्या खोलीचं दार उघडलं. आजी होती. तिने पंखा बाजूला सारला, माझ्यावरची धूळ हाताने पुसली आणि मला उचललं. मी तिला जड होतो. ती दोनदा थांबली, पण कुणाला हाक मारली नाही. मला छातीशी धरून ती बैठकीतून चालत बाहेर आली.

बाबा पुढे झाले. "आई, ठेव ते. मी उचलतो ना तुला."

"नको," आजी म्हणाली. "आज तरी मला माझ्या पायांनी जाऊ दे."

बाबांचे हात तसेच हवेत राहिले. खारू खाली बसली आणि तिने माझे पाय घट्ट धरले. तिला रडू आवरत नव्हतं. आजी, गाडी बघायला आली तेव्हा तुझ्या जागी मीच चढले होते, तुझी शाल घेऊन, असं ती कसंबसं म्हणाली. आजीचा एक पाय माझ्यावर होता. तिने खारूच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाल नेलीस, बाळ. गुडघेही न्यायचे होतेस."

आणि ती वर चढली.

वृद्धनिवासाच्या फाटकाशी ती माझ्यावरूनच उतरली. आत तिने काय केलं ते मी पाहिलं नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात एक कंगवा होता. ती माझ्यावरून गाडीत चढली, दार लागलं आणि मोठी निघून गेली. सगळे इतके सुन्न होते की मला उचलायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी रस्त्यावर राहिलो.

तिथल्या पहारेकऱ्याने मला आपल्या खोलीशी नेऊन ठेवलं. काही दिवसांनी बाबा आणि खारू मला न्यायला आले. नेमकं तेव्हाच कुणाचे तरी वडील एका उंच गाडीतून उतरत होते. पहारेकरी उठला, त्याने मला दाराखाली सरकवलं, आणि ते आजोबा कुणाचा हात न धरता खाली आले. बाबा बघत राहिले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि आजीला विचारलं, स्टूल आणू का? फोन जवळच होता, म्हणून तिचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"राहू दे तिथेच. मला आता कुठे जायचंय?"

बाबांनी फोन खिशात ठेवला, खारूचा हात धरला. मग गेले.

तेव्हापासून मी इथेच आहे. ऊन लागतं, पाऊस लागतो, तडा वाढतोय. मित्रांनो, तुमच्या घरीही कधीतरी नवीन गाडी येईल. लहान घ्या, मोठी घ्या, माझं त्यात काही जात नाही. फक्त जिला किंवा ज्याला तिच्यात चढायचंय, त्या माणसाला गाडी बघायला सोबत न्या. त्याच्याऐवजी दुसऱ्याला चढवून बघू नका. आणि घरातलं कुणी "पुढच्या वेळी येईन" म्हणायला लागलं, तर गुडघा चोळून द्यायला बसू नका. आधी खाली वाका आणि बघा, पायरी किती उंच आहे.