रोवणीतली पाचवी बाई

गावच्या नव्या वाचनालयाच्या भिंतीवर पाच बाया रोवणी करत होत्या. हिरव्या निऑनच्या नळ्यांच्या, कमरेत वाकलेल्या. मागच्या पावसाळ्यात मयुरी नावाची चित्रकार पोरगी चंद्रपूरहून आली होती आणि शेताच्या धुऱ्यावर बसून धान रोवणाऱ्या बायांची चित्रं काढत होती. त्या चित्रांच्याच पुढे या नळ्या झाल्या. बाया आधी लाजल्या, मग कोण कोणती यावरून भांडल्या. पाचवीबद्दल मात्र वाद नव्हता. मानेवर ओघळलेला तो अंबाडा साधनाचाच, चंदाच्या जावेचा. साधना हिवाळ्यात काविळीनं गेली. घरात तिचा धड एक फोटो नव्हता, म्हणून चंदा रोज वाट वाकडी करून वाचनालयावरून जायची.

आखाडात नेमकी पाचवीच लुकलुकायला लागली. सरपंच दादाजीने वायरमन कुलदीपला शिडीवर चढवलं. चंदाला कळलं तशी ती हातातलं काम टाकून आली.

"दुरुस्त होते का रे?"

"नाई होत, काकू. नळीच गेली आतून. काढून टाकतो. चार बाया बी चांगल्याच दिसतीन."

"नको काढू."

"चंदाबाई, बाहेरगावचे लोक येतात पाहाले," दादाजी म्हणाला. "बिघडलेलं दिसते ना ते."

"बिघडलं कुठी, भाऊ? साधना अशीच रोवे. दोन मुठी रोवल्या का उभी होये, कमरेवर हात, अन् बोलणं सुरू. तिच्या वाट्याची पात आम्हीच पुरी करो. सरळ एक पात तरी रोवली का तिनं जन्मात?"

धानाच्या बांधीतून परतणाऱ्या बाया तिथं थांबल्या होत्या, त्या हसल्या. एकीने हसता हसता डोळ्यांना पदर लावला. दादाजीची बायकोही त्यांच्याच सोबत रोवणारी. तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. दादाजीने कुलदीपला खाली बोलावलं.

रोवणी संपत आली तेव्हाची गोष्ट. चंदा चिखलाच्या पायांनी घरी निघाली होती. तिच्या डोळ्यांदेखत पाचवी विझली, ती विझलीच. चौथी, म्हणजे चंदा स्वतः, भिंतीवर वाकून रोवत होती आणि तिच्या बाजूला नुसता अंधार. चंदा वाट पाहत राहिली.

"पुरे झालं वं बोलणं," ती म्हणाली. "रोव आता."

नळी काही पेटली नाही.

"बरं, राहू दे," चंदा म्हणाली. "तुझी पात मी करतो पुरी." आणि पदराने तोंड पुसून ती घराकडे वळली.