झोपलेले कोअर आणि तांब्याची चकती

शनिवारी सकाळी दहाच्या आतच जिन्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दुसऱ्या मजल्यावर काँप्युटर दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान, आणि त्याच्या दारापासून खाली रस्त्यापर्यंत माणसांची रांग. प्रत्येकाच्या कडेवर काँप्युटरचं कॅबिनेट. कुणी ते चादरीत गुंडाळून आणलेलं, कुणी उन्हाचा त्रास नको म्हणून त्याच्यावर छत्री धरलेली. आतून थोड्या थोड्या वेळाने टाळ्या ऐकू येत आणि मग एखादा घामाघूम गृहस्थ आपलं कॅबिनेट छातीशी धरून बाहेर पडे.

"अडतीसचे नव्वद!" तो रांगेला ओरडून सांगे. "प्रोसेसर तोच! नुसती चकती लावली!"

"ऐकलंस ना ताई?" मापवाल्या बाईंचा धाकटा भाऊ म्हणाला. "मी सांगत होतो तर तू हसत होतीस."

"अजूनही हसतेच आहे," बाई म्हणाल्या. पण त्या रांगेत होत्या हे खरं, आणि त्याची त्यांना मनातून लाजही वाटत होती.

बाईंनी तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली. तळाला मेण चिकटवलेले तराजू, आत खोटा तळ घातलेली लिटरची मापं, सगळं त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं होतं. बाजारात त्या दिसल्या की दुकानदारांना एकदम खोकला यायचा. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम धरतात. बाईंनी काँप्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यती धरल्या, आणि चौसष्टाव्या वर्षी त्या एका चौघांच्या संघात घाट उतरण्यात पटाईत म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

पण काँप्युटर आठ वर्षांचा झाला होता. ऐन वळणावर चित्र गचके खाई आणि गाडी भिंतीवर जाई. मागच्या दोन शर्यती त्यांच्यामुळे गेल्या. संघाचा कॅप्टन पेशाने दातांचा डॉक्टर. कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच इलाज. "बाई, प्रोसेसर किडलाय. काढून टाका," तो म्हणाला होता. "मी गेल्याच महिन्यात बदलला, गाडी नुसती उडतेय. रविवारी परत अडकलात तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

ते बाईंना फार लागलं. घरात, दारात जो तो त्यांना 'आता आराम करा' म्हणे. त्या चौघांत मात्र त्यांना कुणी आराम करू देत नसे, उलट उशिरा ब्रेक लावला म्हणून चांगली बोलणी बसत. ती जागा त्यांना सोडायची नव्हती. पण आठ वर्षांपूर्वीच्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसत नाही. म्हणजे बोर्ड बदला, मेमरी बदला, जुनं काय ते वरचं डबडं उरणार. सात दिवस त्या घ्यावा की न घ्यावा करत होत्या, तेवढ्यात भावाने आपल्या काँप्युटरला ही चकती लावून घेतली आणि त्यांच्या मागे लागला.

अखेर नंबर लागला. दुकानाचा मालक, ज्याला सगळे चकतीगुरू म्हणत, पांढरा कोट घालून उभा होता. गळ्यात स्टेथोस्कोप. त्याने तो बाईंच्या कॅबिनेटला लावला आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकलं.

"कोअर किती? प्रोसेसरच्या पोटातले कामकरी?"

"सहा," बाई म्हणाल्या.

"जागे दोनच आहेत. चार गाढ झोपलेत." जमलेल्या लोकांत हळहळ पसरली. "कंपनीवाले झोपवूनच विकतात, मावशी. का? तर तुम्ही दर दोन वर्षांनी नवीन घ्यावा! ही चकती शुद्ध तांब्याची. हिच्यात क्वांटम लहरी भरल्यात, उगवतीकडे तोंड करून. लावली की कोअर जागे."

"लहरी भरल्यात हे मोजता कशाने?"

"श्रद्धेने," तो गोड हसला. "एक मात्र आहे. शंकेखोर माणसाच्या मशीनवर चकती चढत नाही."

ही सोय बाईंना आवडली. चढली तर चकतीचा गुण, नाही चढली तर गिऱ्हाइकाचा दोष.

काँप्युटर जोडला, घाटाची शर्यत सुरू केली. स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा आकडा होता, सेकंदाला किती चित्रं सरकतात ते सांगणारा. एक्केचाळीस. चकतीगुरूने कॅबिनेटच्या कुशीवर चकती चिकटवली, डावा हात तिच्यावर ठेवला आणि आवाज खोल केला. "सगळ्यांनी डोळे मिटा. तीन श्वास."

झाडून सगळ्यांनी डोळे मिटले. भावाने तर हातही जोडले. बाईंनी मात्र मिटले नाहीत. तराजूवरून नजर काढायला सांगणारा माणूस त्यांना तीस वर्षांत शेकड्यांनी भेटला होता. त्यांनी पाहिलं, गुरूची उजव्या हाताची दोन बोटं कीबोर्डवर अलगद दाबली गेली, आणि स्क्रीन पापणी लवावी तेवढी काळी होऊन परत आली.

"उघडा!"

त्र्याण्णव. टाळ्या कडाडल्या. खरं सांगायचं तर बाईंनाही मोह झाला. बोटं पाहिली होती, तरी क्षणभर त्यांना वाटलं, असू दे, खरंच असू दे, रविवारची जागा वाचली.

"एक फेरी मारून बघू?" त्यांनी विचारलं आणि स्टिअरिंग हातात घेतलं. गाडी खरोखर लोण्यासारखी पळाली. तिसऱ्या वळणाआधी रस्त्याकडेला टायरच्या जाहिरातीची पाटी होती. पाटीवरची बारीक अक्षरं वाचता आली की ब्रेक लावायचा, हे बाईंचं ठरलेलं माप. आज ती अक्षरं वाचताच येईनात. पाटी डोळ्यांपुढे आली, मागे गेली, आणि गाडी धाडकन भिंतीवर.

"सवय नाही वेगाची," कुणीतरी समजूतदारपणे म्हणालं.

"पाटी पुसट का झाली?" बाईंनी विचारलं.

"तेज आहे ते," गुरू म्हणाला. "डोळ्यांना सरावेल."

"बरं. मग एक करा, चकती काढा."

"काढली तर सहाच्या सहा कोअर कायमचे झोपतील! मग माझ्याकडे यायचं नाही!"

"मशीन माझी आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नखाने चकती उचकटली.

रांगेतल्या एका बाईने भीतीने स्वतःचं कॅबिनेट मागे ओढलं. सगळ्यांनी आकड्याकडे पाहिलं. त्र्याण्णवच होता.

"लहरी उरतात थोडा वेळ," गुरू घाईने म्हणाला.

"उरू देत." बाई भावाकडे वळल्या. "तुझ्या शर्टाचं ते लोंबतंय ते बटण दे." बटण तोडून त्यांनी चकतीच्या जागी चिकटवलं. आकडा चौऱ्याण्णव झाला.

"बटण केवढ्याला?" जिन्यावरून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

बाईंनी गेमची सेटिंग उघडली. चित्राचा आकार निम्म्यावर आणलेला होता. त्यांनी तो पूर्ववत केला. स्क्रीन पुन्हा तशीच पापणीभर काळी झाली, पाटीवरची अक्षरं लख्ख दिसू लागली आणि आकडा आला एक्केचाळीसवर. मग त्यांनी बटण काढलं आणि चकती स्वतःच्या हाताने परत लावली. एक्केचाळीस. दोन चकत्या लावल्या. एक्केचाळीस.

"हे चित्र लहान करतात आणि ताणून पडदाभर दाखवतात, म्हणून पाटी पुसट," त्या लोकांना म्हणाल्या. "लहान चित्र काढायला श्रम कमी, म्हणून आकडा वाढतो. माप बदललं आणि माल वाढला म्हणून सांगितलं. डोळे मिटायला लावतात ते एवढ्यासाठी."

"पण ताई, माझाही आकडा वाढला होता की!" भाऊ कळवळून म्हणाला.

"आणि चित्र?"

भाऊ हळूच म्हणाला, "पुसट दिसायला लागलं होतं. मला वाटलं डोळ्यांचा नंबर वाढला. नवीन चष्मा करून घेतला."

आता तर जिनाच हसायला लागला. चकतीगुरूने स्टेथोस्कोप काढून खिशात कोंबला. पण गडी पक्का होता. "ठीक आहे, चकती सोडा," तो म्हणाला. "मावशी, मग प्रोसेसरच बदला. माझ्याकडे नवाकोरा आहे, बोर्डासकट. आज बसवला तर उद्या शर्यतीला तयार."

बाई थबकल्या. कॅप्टनही तेच म्हणत होता आणि तो काही भोंदू नव्हता. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग एकदम हसल्या.

"नको. तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत की तो धडधाकट आहे."

"मी?"

"गाड्या कुठे आहेत, कोण कुणाला धडकलं, हा हिशोब प्रोसेसर करतो. चित्र लहान असो की मोठं, हिशोब तेवढाच. चित्र काढणं हे ग्राफिक्स कार्डचं काम. तुम्ही चित्र लहान केलंत तेव्हा ह्याच जुन्या प्रोसेसरने त्र्याण्णवचा हिशोब पुरा केला. म्हणजे दमतोय तो नाही, दमतंय ते कार्ड. लबाडी तुमची, पण तपासणी अगदी बिनचूक झाली बघा."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, मग माझ्यात काय बिघाड असेल?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन चित्र लहान करून बघा. आकडा वाढला तर कार्ड. तिथेच राहिला तर बहुतेक प्रोसेसर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही."

घरी येऊन बाईंनी चित्र पूर्ण ठेवलं आणि फक्त झाडांच्या सावल्या बंद केल्या. आकडा बासष्टवर गेला. रविवारी दुपारी त्यांनी पाटी वाचून ब्रेक लावला, तिसरं वळण सफाईने घेतलं आणि संघ दुसरा आला.

"बाई, अप्रतिम!" कॅप्टन हेडफोनमधून ओरडला. "शेवटी प्रोसेसर घेतलात ना?"

"नाही. सावल्या बंद केल्या."

डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगू? माझ्या नव्या प्रोसेसरने काडीचा फरक पडला नाही. पण सगळ्यांना आधीच सांगून बसलो होतो. मग लाज वाटली."

बाईंना राग आला आणि कीवही आली. "डॉक्टर, काल मला एक चकतीवाला भेटला. असली माणसं तुमच्या-माझ्या लाजेवरच जगतात. फसलेला माणूस गप्प बसतो आणि मागचा त्याच खड्ड्यात पडतो. आपण फसलो हे कळलं की सांगून टाकावं. त्यात कमीपणा काय? शहाणं होण्याचा दुसरा रस्ता मला तरी ठाऊक नाही."

डॉक्टरने थोडा विचार केला आणि शर्यतवाल्यांच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या: प्रोसेसर बदलला, फरक पडला नाही, मी खोटं बोललो.

संध्याकाळपर्यंत त्याखाली अकरा जणांनी लिहिलं होतं, "माझंही तेच झालं."