सर्जेरावांची सभासदकी

२०२४ साली, दिवाळी तोंडावर आली असताना, निरवांगीच्या कौसल्याबाईंच्या छातीत कळ आली आणि त्यांच्या नवऱ्याच्या, सर्जेरावांच्या, नाकाला. छातीचं दुखणं बारामतीच्या डॉक्टरांनी ओळखलं. बायपास करावं लागणार होतं. नाकाचं दुखणं ओळखायला डॉक्टर नको होता. कौसल्याबाई लग्न झाल्यापासून त्याच्याबरोबर नांदत होत्या.

ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेत बसत होतं. तोच दवाखाना, तेच डॉक्टर, आणि एक पैसा भरायचा नाही. योजनेच्या टेबलाशी बसणारी वैष्णवी, पणदऱ्याची मुलगी, खाटेपाशी येऊन समजावून गेली की, पूर्वी पिवळ्या-केशरी रेशनकार्डालाच हे होतं, आता पांढऱ्यालाही आहे.

सर्जेरावांनी मिशीवरून हात फिरवत सांगितलं की, योजना गरिबांची असते. पांढरं कार्ड म्हणजे त्यांच्या लेखी पदक होतं. शिवाय धास्ती होती फ्लेक्सची. उद्या एखादा पुढारी चौकात फ्लेक्स लावील, त्यावर बायकोचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात ‘लाभार्थी’. मग गावात तोंड कुठं दाखवायचं?

पैशाची सोय पुतण्या युवराजनं आधीच लावली होती. काकांनी पेरूची बाग द्यायची, त्यानं रोख पैसे मोजायचे, काकूंनी एसी खोलीत पडायचं. तो रोज मोसंबी घेऊन यायचा आणि काकूंच्या छातीपेक्षा बागेतल्या बोअरचीच चौकशी जास्त करायचा.

सातबारा सर्जेरावांच्या नावावर असला, तरी माळावर गाळ ओढून ती बाग उभी केली होती कौसल्याबाईंनी. पूर्वी घरात मोठं आजारपण शिरलं की माणूस तरी जायचं, नाहीतर जमीन. त्यांच्या सासऱ्यांनी धाकट्या भावाच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी नदीकाठचं मळईचं रान विकलं. भाऊ जगला, आणि जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर बसून त्याच रानाकडं बघत राहिला. तेव्हा इलाजच नव्हता. आता होता, आणि हा माणूस मिशीपायी तो लाथाडत होता.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव दवाखान्यात उशिरा आले. साखर कारखान्यात सभासदांना दिवाळीची सवलतीची साखर वाटत होते. अर्धा दिवस उन्हात रांग लावून त्यांनी ती आणली होती, आणि रांगेत कोण कोण मातब्बर भेटलं ते कौतुकानं सांगत बसले.

कौसल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “साखरंसाठी रांगंत उभं ऱ्हायलात, तवा लाज न्हाय वाटली?”

“लाज कशाची? शेअर हाय आपला. फुकट घेतो व्हय?”

“आन् डिझेल, खत, ट्रॅक्टरचं टायर घेता, त्यात सरकारचा कर जातो, ते काय दानधरम? त्यो बी शेअरच हाय. इतकी वर्सं भरलाय, आता कुटं साखर वाटायचा दिस आला. तुमी लाभार्थी न्हाय, सभासद हाय.”

मोसंबी सोलता सोलता युवराज हसला आणि म्हणाला, “काकू, फुकटच्या वॉर्डात ढेकणं असत्यात.”

“असू द्यात. ढेकूण रगत पितो आन् जातो. सातबारा मागत न्हाय.”

मग नवऱ्याकडं वळून त्या शांतपणे म्हणाल्या, “बाग इकली, तर मी आपरेशनच्या टेबलावर चढायची न्हाय. मग बसा मिशी कुरवाळत.”

सर्जेराव उठले. वैष्णवीच्या टेबलासमोर जाऊन घसा खाकरून त्यांनी विचारलं, “पोरी, सभासद व्हायला काय काय लागतं?”

वैष्णवीनं वर बघितलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलू देता म्हणाली, “झालेलाच आहात, आबा. फक्त रेशनकार्ड आणि आधार द्या.”

बायपास झालं. कौसल्याबाई आता तोडणीच्या वेळी बागेत खुर्ची टाकून बसतात. दम लागतो, पण मजुरांना बोलण्यापुरता उरतो. युवराजनं एमआयडीसीकडं एक प्लॉट घेतला, आणि मोसंबी बंद झाली. वैष्णवीची बदली इंदापूरला झाली. सर्जेराव पारावर बसून गावाला सांगतात की, सरकारी योजनेत आपण सगळे सभासद आहोत, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी आपल्याच डोक्यात आली. कौसल्याबाईंच्या कानावर ते येतं. त्या काही बोलत नाहीत. छातीला ताण देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं आहे.