पहिला मणी ओढ

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केलेल्या आमच्या मॉडेलमध्ये सभागृह म्हणजे बुटांचा खोका, दारं म्हणजे त्याला कापलेली दोन भोकं आणि माणसं म्हणजे मणी. आग लागली की खोका तिरका करायचा. सुटे मणी भराभर बाहेर पडायचे आणि मी खूश. पण माझी मैत्रीण शहिस्ता म्हणाली, "तुझ्या मण्यांना आईबाप न्हाईत का?"

मग आम्ही मणी दोऱ्यात ओवले. एक माळ म्हणजे एक घर. आता माळा भोकाशी गुंतून बसायच्या. चिमटीत पहिला मणी धरून ओढला, तरच अख्खी माळ सुटायची.

तिकोणा पेठेच्या सभागृहात, गावासमोर, मी माईकवर हेच सांगत होते. मी, जी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. "आग लागली की माणसं आधी आपापलं घर शोधतात," मी म्हटलं.

"कोण कुणाला शोधतंय? मी तर पयला पळंन," भिमाजी आबा म्हणाले.

"ते लगीन झाल्यापास्नं पळत्यातच," मधल्या वाटेपलीकडे बायांत बसलेली त्यांची बायको, कस्तुराबाई, म्हणाली. सगळे हसले.

तेवढ्यात मोठ्या दाराचा पडदा पेटला. बाहेर भजी तळायची शेगडी होती. धूर भसाभस आत आला.

बाजूचं दार पुरुषांच्या अगदी लगत, सताड उघडं. पण एकही पुरुष तिकडे गेला नाही. भिमाजी आबा उलटे बायांकडे घुसले, "अगं ए, कुटं हाईस?" बाया पोरं ओढत पुरुषांकडे. मधल्या वाटेत सगळे गच्च अडकले.

"बाजूच्या दाराने जा," मी माईकवर सांगत राहिले. कोणी ऐकेना.

"राजी, पहिला मणी ओढ," शहिस्ता माझ्या कानाशी म्हणाली.

पहिला मणी म्हणजे बयाआजी. लग्न असो की हळदीकुंकू, ती उठल्याशिवाय गावातली बाई उठत नाही. आताही ती खुर्चीत, आणि सुना भोवती खोळंबलेल्या.

"बयाआजी, उठा. बाजूच्या दाराने पुढं व्हा."

"आदी पोरंबाळं जाऊ दे गं."

"तुम्ही बसलात तर कुणी हलायचं नाही, आजी."

ती काठी टेकत उठली. मागे सुना, सुनांमागे पोरं, पोरांमागे बाप. वाट सैल झाली. मला एवढा जोर चढला की मी एकेका घरातल्या मोठ्याला नावाने हाका मारत सुटले. शहिस्ता खोका घेऊन निघाली, तेही मला कळलं नाही. धूर डोक्यापर्यंत उतरला.

मग दिसलं, रिकाम्या खुर्च्यांत एकच बाई उभी आहे. तोंडाला पदर, नजर माझ्यावर. आई.

"आई, जा ना."

"तू हो पुढं."

"सगळे गेले की येते."

"सगळी गेलीत." तिला खोकल्याने बोलवेना. "तू उतर. मग मी निघते."

माईक तसाच टाकून मी स्टेजवरून उडी मारली. आईचा हात धरला आणि वाकून, तिला ओढत दाराकडे पळाले.

दारातच शहिस्ता उभी, डोळ्यांतून पाणी गळतंय, काखेत खोका.

"तू का थांबलीस?" मी विचारलं.

"गप चल," ती म्हणाली.