पाचव्या बोर्डावरची बाई

२००४ सालच्या उन्हाळ्यात मनस्वी दोन महिन्यांसाठी शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढे, डोळखांबच्या अंगाला असलेल्या एका अभयारण्यात कामाला गेली. ती मुरबाडची. वडिलांची भाताची गिरणी होती. मुंबईला कमर्शियल आर्टच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे सुट्टीत कुठेतरी काम शिकून सर्टिफिकेट आणणं भाग होतं. वर्गातल्या बाकीच्यांनी जाहिरात कंपन्या धरल्या. मनस्वीला कुठूनच बोलावणं आलं नाही, तेव्हा एका सरांनी ही जागा सुचवली. जंगलात नवं माहिती केंद्र उघडलं होतं. तिथे लावायला सहा बोर्ड करायचे आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना केंद्र फिरून दाखवायचं, एवढं काम. मैत्रिणींना तिने "वाइल्डलाइफचा प्रोजेक्ट आहे" असं सांगितलं. ते जंगल आपल्या घरापासून दोन एसट्यांच्या अंतरावर आहे, हे सांगितलं नाही.

केंद्र म्हणजे कौलारू हॉल, मागे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. विशे सर तिथले प्रमुख. रोज संध्याकाळी मोटारसायकलवरून शहापूरला घरी जायचे. मनस्वीची राहायची सोय मागच्या खोलीत होती आणि तिच्या जेवणाचं बघायला शेजारच्या ठाकूरपाड्यावरची बाईजा यायची. पन्नाशीची, सुकलेल्या अंगाची, बोलायला मोकळी. पहिल्याच दिवशी मनस्वीने अर्धी भाकरी ठेवली, तेव्हा बाईजा समोर बसली आणि म्हणाली, "एवढ्याशा भाकरीनं काय व्हतंय गो? चितरं काडायला पन ताकद लागती." मग रोज ती समोर बसू लागली. मनस्वीला वाढायची, पाड्यावरच्या गोष्टी सांगायची. मनस्वी तिला मावशी म्हणू लागली.

बोर्डांचं काम नीट चाललं होतं. पहिला नकाशाचा, मग पक्षी, झाडं, फुलपाखरं. केंद्राचा डिजिटल कॅमेरा तिच्या हाती होता. एका सकाळी बाईजा तिला धनेश पक्ष्याचं घरटं दाखवायला आत घेऊन गेली. उंच बेहड्याच्या ढोलीत मादी कोंडून बसलेली, आणि नर चोचीत फळ घेऊन आलेला. मनस्वीला दोन चांगले फोटो मिळाले. परत येताना बाईजा वाटेत पडलेल्या सुक्या फांद्या उचलत होती. तिने वेलीने मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि पुढे चालू लागली. पानांतून ऊन तिच्यावर येत होतं. मनस्वीने धावत पुढे जाऊन फोटो काढला.

"माजा कशाला गो?" बाईजा हसली. मग थांबली, एका हाताने पदर सारखा केला. "थांब, आता काड. मगाशी पदर सुटला व्हता."

दुसरा फोटो पहिल्यापेक्षाही छान आला.

पाचवा बोर्ड होता, जंगलाला असलेले धोके. वणव्याचा फोटो विशे सरांकडे होता, पण तो धूसर. मनस्वीने खूप प्रकारे मांडून पाहिलं. बोर्ड फिका वाटत होता. बघणारा थांबला पाहिजे, असं कॉलेजात सांगायचे. शेवटी तिने बाईजाचा फोटो उघडला, मोठा केला, बाजूचं जंगल काळपट केलं आणि वर लाल जाड अक्षरांत लिहिलं: 'हे हात थांबवा!' त्याखाली बारीक अक्षरांत वृक्षतोडीविषयी चार ओळी.

बोर्ड एकदम उठून दिसला. तिला स्वतःलाच आनंद झाला. सहांपैकी हाच आपल्या फाइलमध्ये पहिला लावायचा, असंही तिने तिथेच ठरवलं.

विशे सर स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. "जोरदार झालाय," ते म्हणाले. "पण ही आपली बाईजाच ना? ती काय झाडं तोडत नाही, मनस्वी. पडलेलं लाकूड नेते. ते पाड्यातले सगळेच नेतात, आपण कुणाला अडवत नाही."

"एक प्रतीक म्हणून आहे सर. आणि चेहरा कुठे नीट दिसतोय?"

चेहरा नीट दिसत होता. पदर सारखा केलेला, ओठांवर थोडं हसू.

"तिला विचारलंस?"

"हो," मनस्वी म्हणाली. फोटो काढताना ती हसली होती, म्हणजे विचारल्यासारखंच, असं तिने मनाशी धरलं. सरांनी मान हलवली आणि सहाही बोर्ड कल्याणला फ्लेक्स छापायला गेले.

आठवड्याने फ्लेक्स आले, ठोकून झाले. बाईजा दुपारी भाकऱ्या घेऊन आली ती हॉलच्या दारातच थबकली. टोपली खाली ठेवून ती बोर्डाजवळ गेली. माणसाएवढी बाईजा भिंतीवर होती. तिने आधी मोळीला हात लावला, मग स्वतःच्या गालाला.

"मीच ना गो ही?"

"हो मावशी."

"अगं आये!" तिने तोंडावर पदर घेतला. "एवडा मोठा फोटू! माजा लग्नात पन नाय निघाला." मग अक्षरांकडे बोट करून तिने विचारलं, "आन हे काय लिवलंय?"

मनस्वीच्या मनात खरं सांगायचं एकदाही आलं नाही. ते तिला नंतर सगळ्यात जास्त लागलं. तिचं तोंड आपसूक उघडलं आणि ती म्हणाली, "'जंगल राखणारे हात', असं लिहिलंय."

"माजे हात?"

"हो."

बाईजाने आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि ती खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी ती पाड्यातल्या सहा-सात बायकांना घेऊन आली. डोळखांबहून तिची नणंद सोमी आली होती. बाईजा स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसली होती. सगळ्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "काय लिवलंय गो?" तर बाईजा म्हणाली, "ताईलाच इचार. सांग गो, काल सांगितलंस ते." आणि मनस्वीने तेच वाक्य परत, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्या बायकांत बाईजाची सून रुपा होती. पाड्याच्या अंगणवाडीत शिकवायची, दहावी झालेली. ती बोर्डाकडे बघत होती. मग तिने मनस्वीकडे पाहिलं. सासूच्या खांद्यावरचा पदर नीट करून तिला म्हणाली, "चला आई, उन्हं चढली."

रुपाने वाचलंय हे मनस्वीला कळलं. तिला वाटलं, आता ही सांगेल. संध्याकाळी बाईजा नेहमीसारखी आली, समोर बसली, "खा गो," म्हणाली. म्हणजे रुपाने सांगितलं नव्हतं. मनस्वीचा जीव भांड्यात पडला. बोर्ड बदलून घ्यावा हे त्या वेळी तिला सुचायला हवं होतं. फ्लेक्स परत छापायला चार दिवस लागले असते, एवढंच. पण रविवारी ठाण्याहून चाळीस पाहुण्यांचा मोठा ग्रुप येणार होता, आणि पाचवा बोर्ड तिला अजूनही आवडत होता.

रविवारी पाहुणे आले. जेवणाला नाचणीची भाकरी आणि सुक्या करंदीची चटणी ठेवली होती, म्हणून बाईजा सकाळपासून केंद्रावर होती. मनस्वी कुर्त्यावर ओळखपत्र लावून एकेका बोर्डासमोर उभी राहून माहिती सांगत होती. चौथ्यापर्यंत छान चाललं. पाचव्याशी पोचली, तर बाईजा आधीच तिथे उभी. पिठाचे हात पुसत ती पाहुण्यांना सांगत होती, "ह्यो माजा फोटू हाय."

एका बाईंनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं, "'हे हात थांबवा!' अय्या, ह्याच का त्या?" आणि त्या बाईजाला म्हणाल्या, "आजी, असं करू नये हं. झाडं तोडली तर पाऊस कसा पडणार?"

गलक्यात बाईजाला 'हात' एवढंच नीट ऐकू आलं; तिला वाटलं, कौतुक चाललंय. ती हसली. एका माणसाने कॅमेरा काढला. "आजी, बोर्डाच्या बाजूला उभ्या राहा. हां, अस्सं." बाईजा उभी राहिली. पदर सारखा केला. दोघा-चौघांनी फोटो काढले आणि कुणीतरी हसून म्हणालं, "मुद्देमालासह!" त्यावर सगळेच हसले.

तेव्हा बाईजाला काहीतरी समजलं. तिने त्या चष्मेवाल्या बाईंना विचारलं, "काय लिवलंय ते परत सांगा की."

बाईंनी सांगितलं. चांगल्या आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं, खालच्या चारही ओळी वाचून सांगितल्या. अशा लोकांमुळे जंगल संपतंय, अशी शेवटची ओळ होती.

बाईजा मनस्वीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने फक्त वाट पाहिली. ही पोरगी आता सांगेल, ह्या बाईचं वाचायला चुकतंय म्हणून, अशी तिची खात्री असावी. चाळीस माणसं मनस्वीकडे बघत होती. ओळखपत्राची दोरी तिच्या बोटांत पिळली गेली.

"चला," ती म्हणाली, "आता शेवटचा बोर्ड बघू या."

आणि ती पुढे गेली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

जेवण बाईजानेच वाढलं. चाळीस जणांना वाढलं, त्या चष्मेवाल्या बाईंना भाकरीचा पापुद्रा काढून चटणी घालून दिली. मनस्वीच्या ताटातही वाढलं. फक्त समोर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या रुपाने आणल्या.

"मावशी?" मनस्वीने विचारलं.

"त्या नाय येनार आता." रुपा टोपली ठेवून उभी राहिली. "मी आली तवाच वाचलंवतं ताई. बोलली नाय. म्हटलं, दोन दिस खूश हायत तर असू दे. तुमी काडून टाकाल आसं वाटलं मना. तुमी मना बघितलंवतं ना वाचताना?"

मनस्वीने मान खाली घातली.

"आज पाड्यातली एक पन बाई लाकडाला गेली नाय," रुपा म्हणाली. "आपला पन फोटू लागंल म्हनतात."

ती गेल्यावर मनस्वीने कटर घेतला आणि पाचवा फ्लेक्स चौकटीतून कापून काढला. आवाज ऐकून विशे सर बाहेर आले. "अगं, वर कळवावं लागेल," ते म्हणाले.

"मी तिला विचारलं नव्हतं सर. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

सरांनी चौकटीकडे पाहिलं. "मला वाटलंच होतं," ते हळू म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

ती पाड्यावर गेली तेव्हा बाईजा अंगणात कैऱ्यांच्या फोडी वाळत घालत होती. मनस्वीला बघून तिने रुपाला पाणी आणायला सांगितलं. मनस्वी ओट्याच्या कडेला टेकली. वाटेत जुळवलेलं सगळं विसरून गेली होती. "मावशी, चुकलं माझं. काढून टाकला मी तो बोर्ड."

बाईजा फोडी पसरत राहिली. "तुज्या घरी चूल हाय का गो?"

"आहे. गॅसही आहे. पण आंघोळीचं पाणी, भात, चुलीवरच."

"मंग लाकडं कोन आनतं?"

मनस्वीच्या डोळ्यांसमोर गिरणीमागची पडवी आली. पावसाच्या आधी छपरापर्यंत रचलेल्या मोळ्या. त्या घेऊन पाड्यांवरून बायका यायच्या, आणि आई त्यांना मोळीमागे शेरभर कणी घालायची. तांदूळ नाही, कणी. लहान असताना माप मनस्वीच भरायची.

"येतात बायका," ती म्हणाली.

"कंच्या बायका?"

मनस्वी ओट्याची कड नखाने कोरू लागली.

"मंग तुज्या आयशीचा पन फोटू लाव," बाईजा म्हणाली. आवाज चढवला नाही. एक किडकी फोड बाजूला टाकली आणि पुढची ओळ पसरायला घेतली. थोड्या वेळाने, मनस्वी अजून बसलीये हे बघून, म्हणाली, "जा आता. ऊन लागंल तुला."

बाईजा परत केंद्रावर आली नाही. जूनपर्यंत भाकऱ्या रुपाने आणल्या. ती नीट वागायची, विचारलं तेवढंच बोलायची. पाचव्या चौकटीत वणव्याचा तो धूसर फोटो लागला. पाड्यातल्या बायका पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा लाकडाला जाऊ लागल्या, पण केंद्रावरून जाणारी वाट त्यांनी सोडली. ओढ्याच्या अंगाने, लांबच्या वाटेने जायच्या. निघायच्या दिवशी मनस्वी पाड्यावर गेली, तर घराला कडी होती. माणसं शेताला गेली होती.

कॉलेजात फाइल दाखवताना सरांनी विचारलं, "सहा बोर्ड होते ना? एक कुठेय?"

"तो तितका चांगला झाला नव्हता," मनस्वी म्हणाली. सरांनी पान उलटलं. तिला चांगले मार्क मिळाले.

दिवाळीला ती घरी आली, तेव्हा न राहवून तिने आईला सगळं सांगितलं. पाहुण्यांसमोर आपण पुढे निघून गेलो, तेही सांगितलं. फक्त बाईजा आईविषयी काय म्हणाली, ते गाळलं. आई चुलीशी बसून चकल्या तळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच ना?" आई म्हणाली. "कापून टाकलास, माफी मागितलीस. झालं मग. त्या बायकांचं काय मनावर घ्यायचं? विसरतात त्या." आणि तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

हेच ऐकायला आपण सांगितलं होतं, हे मनस्वीच्या लक्षात आलं. क्षणभर तिला खरंच हलकं वाटलं होतं. तिने हातातलं चकलीचं ताट खाली ठेवलं आणि ती उठून मागच्या, मोळ्या रचलेल्या पडवीत गेली, आईला तोंड दिसू नये म्हणून.