अर्धं झबलं

डाग जर्दाळूच्या बियेएवढा होता. मध्ये फिकट तपकिरी, कडेला गडद. दहा वर्षांत तो पुसट झाला नव्हता. मुनाव्वरने अर्धं झबलं पेटीतून काढलं आणि डाग आत जाईल अशी घडी घातली.

मुलगी शहलो चाळीस दिवसांची असताना ते झबलं मधोमध फाडलं होतं. एक अर्धं नणंद अंबरने नेलं, एक मुनाव्वरकडे राहिलं. तेव्हापासून शहलो आत्याच्या मुलासाठी, दालेरसाठी राखलेली. जरफशान नदीकाठच्या या गावात अशा मुलीला दुसरं कोणी मागणी घालत नाही. नववीनंतर तिची शाळाही थांबली. दुसऱ्याची ठेव उन्हात कशाला फिरवायची, असं घरातच ठरलं.

मुनाव्वरही अशीच राखलेली होती, सख्ख्या चुलतभावासाठी, सैफुल्लोसाठी. तिची दोन मुलं गेली. दोघांचाही रंग आधी मेणासारखा झाला, मग पोट फुगलं, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागे. गाव म्हणालं, नजर लागली. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिला एकटीला बसवून सांगितलं होतं, "दोष तुम्हा नवराबायकोच्या रक्तात आहे, दोघांतही निम्मा. शहलोतही तो निम्मा उतरलाय. तिला नात्यात देणार असाल तर आधी मुलाचं रक्त तपासा."

मुनाव्वरने ते कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोष तिच्या एकटीचा ठरला असता. जर्दाळू वाळले की सांगू, थंडी सरली की सांगू, असं करता करता दहा वर्षं गेली.

आज अंबर आपलं अर्धं घेऊन आली होती. दोन्ही अर्धी जोडून शिवायची, आणि शुक्रवारी निकाह.

"वहिनी, बदाम आमच्यासाठी राखून ठेवलेत की आमच्यापासून?" खाण्यासाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी बसता बसता अंबर म्हणाली.

सैफुल्लो हसला. शहलोने मान खाली घालून वाटी पुढे सरकवली.

"बघ दादा, पोरगी आईपेक्षा सढळ आहे!" अंबरने सुईत दोरा ओवून मुनाव्वरपुढे धरला. "पहिला टाका आईचा."

मुनाव्वरने घडी उलगडली.

"अगं बाई! एवढ्या वर्षांत धुवायला पाणी नाही मिळालं?"

"निगिनाचं रक्त आहे ते. इस्पितळातून घरी आणली तर दंडावरच्या सुईच्या जागेतून पुन्हा वाहायला लागलं. पेटी उघडी होती, हेच हाताला लागलं."

"मेलेल्या पोरीचं रक्त शुभकार्यात काढतेस?"

"अंबर, दालेरचं रक्त तपासून घे. ज्यानं माझी दोन गेली, ते त्याच्यातही असू शकतं."

"आता तू डॉक्टरीण झालीस? माझ्या पोराला खोट लावतेस? खोट असलीच तर तुझ्या बापाकडची!"

"माझा बाप आणि तुझा बाप सख्खे भाऊ होते."

सैफुल्लोने चहाचा पेला खाली ठेवला.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"निगिना गेली त्या वर्षापासून."

"आणि मला आज सांगतेस?"

"हो. चुकलं माझं."

शहलो दाराशी उभी होती. "आई, माझ्यातही आहे ते?"

"निम्मं आहे. तू त्यानं आजारी पडणार नाहीस. पण दालेरमध्येही निघालं, तर तुझी मुलं आजारी पडू शकतील."

"माझ्या मुलाला सुई टोचू देणार नाही मी," अंबर म्हणाली. "दादा, शब्द तुझा आहे. शुक्रवारी निकाह आहे की नाही, तेवढं सांग."

सैफुल्लोने डागाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "शुक्रवारचं साऱ्या गावाला माहीत आहे, अंबर. आता मी काय तोंड दाखवू?"

ते उत्तर नव्हतं. अंबरने मात्र तो होकार मानला आणि सुई पुन्हा पुढे केली.

मुनाव्वरने ती घेतली. दोरा ओढून काढला. सुई अंबरच्या अर्ध्या झबल्यात टोचून ते तिच्या मांडीवर ठेवलं.

"तुतीखाली दोन लहान कबरी आहेत," ती म्हणाली. "तिसरीची जागा मी शोधणार नाही. शहलो मी देणार नाही."