एक नंबरचा बाक

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमच्या अकलेची काळजी वाटेल. मी एक जुना बाक आहे, या चर्चमधला. लपंडाव खेळता खेळता तुम्ही चौघं या कोठीत शिरलात आणि माझ्यावर बसलात. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बसलं. चर्चमध्ये खुर्च्या आल्या तेव्हापासून मी इथे तुटक्या दिव्यांशी बोलतो, आणि ते काही उत्तर देत नाहीत.

सुताराने अकरा बाक चांगल्या लाकडाचे केले. बारावा मी, खोक्यांच्या उरलेल्या फळ्यांचा. "मागे कोण बघतंय?" म्हणत त्याने मला पार दाराशी टाकलं. मग नंबर घालायची वेळ आली. हा गडी दारातच उभा राहिला आणि हाताशी जो आला त्याच्यावर एकचा आकडा मारला. तो मी! सगळ्यांत पुढचा झाला बारा. पाळकसाहेबांनी ते पाहिलं, डोकं खाजवलं आणि "असू दे" म्हणाले.

माझ्यावर कोण बसायचं? उशिरा येणारे, खोकणारे, रडकी पोरं घेतलेल्या आया. आणि धुणेवाल्या मावशी. चार घरची धुणी उरकून त्या धापा टाकत यायच्या. हाताला साबणाचा वास. प्रार्थना ठरलेली: "देवा, आज पाठ जरा कमी दुखू दे. बाकी तुझं चालू दे." त्यांचा गाण्याचा आवाज इतका बारीक, की तो फक्त माझ्या फळीला ऐकू यायचा. एकदा तर त्या सुरावर मी चार बोटं पुढे सरकलो होतो. हसू नका, खरंच सरकलो होतो.

पुढे वकीलसाहेबांनी चर्चला नवं छप्पर घालून दिलं. चर्चच्या पंचांनी खूश होऊन ठराव केला, की एक नंबरचा बाक वकीलसाहेबांच्या घरच्यांसाठी राखून ठेवावा. आकडे कुणी पाहिले होते? राखणदाराने पाहिले होते. त्याने पाटी लिहिली आणि इमानेइतबारे माझ्या पाठीवर ठोकली.

रविवारी मावशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. नेहमीसारख्या बसल्या.

"अहो, या आपल्या जागेवर बसल्यात," वकिलीणबाई कुजबुजल्या. ती कुजबूज पुढच्या भिंतीवर आपटून परत आली.

"अरे, सगळ्यांत पुढचा बाक म्हणालो होतो!" एक पंच राखणदारावर खेकसले.

"ठरावात एक नंबर आहे, साहेब. हा बघा एक. मी काय आकडा खिशातून काढला?"

मंडळी फिदीफिदी हसली. मावशी उठल्या. "बसा बाई तुम्ही. मी बाहेर उभी राहते. तिथनंही ऐकू येतं."

बाकाला जीव नसतो म्हणतात, पण माझा कासावीस झाला. उद्या माझ्यावर मऊ गाद्या येतील, मावशी मात्र येणार नाहीत, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात पाळकसाहेब व्यासपीठावरून उतरले, चालत मागे आले आणि माझ्यावर बसले. "बसा, मावशी. आपल्या प्रभूला जन्मायला साधी खोली मिळाली नव्हती. त्याला मागच्या जागा चांगल्या ठाऊक आहेत. आज प्रवचन इथूनच."

झालं! अख्ख्या मंडळीला मागे वळावं लागलं. अकरा बाक कुरकुरले. मी सगळ्यांत पुढचा झालो, आणि माझ्यावर मावशी!

तेव्हापासून, मित्रांनो, मावशी मरेपर्यंत दर रविवारी माझ्यावरच बसल्या. लोक त्यांना वाट करून देत. वकिलीणबाई त्यांचा हात धरून आणत. म्हणून सांगतो, मागे बसणाऱ्यांना जपा, आणि त्यांना टेकायला जागा देणाऱ्या जुन्या बाकांनाही...

"खोटं!"

तुमच्यातली ती दोन वेण्यांची उठूनच उभी राहिली.

"साफ खोटं! ती माझी आजी होती. त्या दिवसानंतर ती इथे एकदासुद्धा आली नाही. सगळे वळून तिच्याकडेच बघत बसले, आणि तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या."